पाच टॅब आले, मुलं सत्तावीस तऱ्हेची – कसं करता तुम्ही?

येरळाकाठ

नमस्कार मंडळी.

कडेगाव तालुक्यात आमची पहिली ते चौथीची दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा आहे. पट २७. गावचेच एक गृहस्थ पुण्यात व्यवसाय करतात, त्यांनी दिवाळीआधी ५ टॅब आणि एक मोठा टीव्ही दिला. नारळ फुटला, फोटो पेपरात आला, टीव्ही भिंतीवर चढला. आता पुढचं आमच्या गळ्यात.

पोरं कशी आहेत सांगते. दुसरीतल्या एकाची नजर फार कमी. केस-कातडी पांढरी, अल्बिनिझम म्हणतात ते. उन्हात तर डोळेच मिटून घेतो. तिसरीतली एक मुलगी बोलायला फटाकडी, पाढे घडाघडा, पण पुस्तक समोर आलं की दुसऱ्या ओळीलाच पोटात दुखतं. एक भाऊ-बहीण जूनमध्ये तमिळनाडूहून आले, वडील गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे. घरी मराठीच बोलतात, पण शिकलेत तमिळमधून. ऊसतोड सुरू झाली की कोप्यांवरची (तोडणी मजुरांच्या झोपड्यांतली) पाच-सहा पोरं येतात आणि हंगाम संपला की जातात. चौथीतले दोघं असे की दिलेलं काम दहा मिनिटांत उरकून "बाई, आता काय करू?" म्हणत टेबलाला चिकटतात.

आमच्या सहकारी गुरुजींचं म्हणणं, पेनड्राइव्हवर सगळा अभ्यासक्रम आहे, तो टीव्हीवर लावायचा, एक वर्ग तिकडे गुंतला की दुसरा आपण घ्यायचा. मला ते पटत नाही, पण त्यांच्यापुढे ठेवायला माझ्याकडे दुसरं काही ठोस नाही.

अ‍ॅपची यादी नको, याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतात. कोणत्या मुलासाठी नेमकं काय उपयोगी पडलं ते सांगा. आणि ते चाललं होतं तेव्हा बाकीची सव्वीस काय करत होती, हे तर नक्की सांगा.

खिचडीप्रमुख

रुमाल टाकून ठेवतो.

आमच्याकडे टॅब कपाटात, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक मीटिंगला. सर्व मुलांना समान न्याय.

माणदेशी_मास्तर

ताई, तुमच्या तिसरीतल्या मुलीसारखी एक माझ्याकडे होती, म्हणून तेवढ्यापुरतंच लिहितो. दहिवडीकडची शाळा, पट तुमच्याहून थोडा जास्त.

गूगलचं रीड अलाँग वापरलं. पोरगी मोठ्यानं वाचते, टॅब ऐकतो, अडली की तो शब्द उच्चारून दाखवतो. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेट लागत नाही. आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावर येते, त्यामुळे ही मोठीच सोय. पण खरा फायदा तो नव्हे. ही पोरगी वर्गात का वाचत नव्हती? चुकलं की शेजारची हसतात म्हणून. टॅब हसत नाही. एकच शब्द दहादा अडला तरी "अगं कालच सांगितलं होतं ना" असंही म्हणत नाही, जे आपण म्हणतोच.

आता अडचणी. वर्गात बसवलं तर माइक सगळ्यांचाच आवाज घेतो आणि गोंधळतो. मी व्हरांड्याच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसवायचो. दुसरं म्हणजे आमची पोरं 'पाणी'ला 'पानी' म्हणतात. यंत्र कधी ते चालवून घेतं, कधी लाल करून दाखवतं. मी सांगून ठेवलं, तुला अर्थ कळला ना, मग पुढे जा. तिसरं, पोरं वस्ताद असतात. एकदा बघतो तर ही नुसती बोटानं शब्द दाबत चाललेली, टॅबच वाचतोय आणि वर चांदण्या मिळतायत. म्हणून रोज शेवटी एक परिच्छेद मला कागदावरून वाचून दाखवायचा, हा नियम केला.

आणि हे सगळं करायच्या आधी तिचे डोळे आणि कान तपासून घ्या. वाचनाची अडचण म्हणून जिला धरलं तिला चष्मा निघाला, असं घडतं.

बाकीची काय करत होती? इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट केले होते. एक गट माझ्याजवळ, एक लिहिण्यात, एक खेळ-साहित्यावर, आणि टॅबवर एका वेळी दोघं. पाचही टॅब एकदम काढू नका, पाच ठिकाणांहून "सर, हे बंद पडलं" येतं.

अभ्यासूकिडा

उत्तम धागा. याला शास्त्रीय चौकट द्यायची तर 'युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग' बघावं. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या 'कास्ट' या संस्थेनं ते मांडलं. गोळाबेरीज अशी: आशय एकाहून अधिक मार्गांनी समोर ठेवा, मुलाला आपलं उत्तर एकाहून अधिक मार्गांनी मांडू द्या, आणि गोडी लागायचे मार्गही एकाहून अधिक ठेवा. म्हणजे 'हा दिव्यांग, याच्यासाठी वेगळं' असं न करता धड्याची आखणीच मुळात तशी करायची.

खिचडीप्रमुख

किडेराव, हे प्रशिक्षणात ऐकलंय. तीन मार्गांनी सांगणारे साहेब स्वतः मात्र एकाच मार्गानं, पडद्यावरचं वाचून दाखवत होते. दिवे घ्या, गंमत करतोय.

अभ्यासूकिडा

घेतले. मग आता आकड्यांचं घ्या.

बडोद्याच्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले, एका संगणकावर दोन मुलं. गणित चांगलं सुधारलं, पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात बराचसा फायदा ओसरला. बॅनर्जी-डुफ्लो मंडळींचा हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा प्रयोग लिंडन यांचा, तोही गुजरातेतलाच, ज्ञानशाला संस्थेच्या वर्गांतला. तिथे शिक्षकाच्या तासाची जागा संगणकाला दिली तेव्हा मुलं मागे पडली. तोच कार्यक्रम शाळेच्या वेळेबाहेर जोड म्हणून दिला तेव्हा पुढे गेली, आणि जास्त फायदा कच्च्या मुलांचा झाला.

ताईंच्या सहकारी गुरुजींना दाखवायला हे पुरावं.

येरळाकाठ

किडेदादा, हे नेमकं हवं होतं. गुरुजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "गुजरातेत मास्तर दोनच होते का?" :)

त्यांचीही बाजू आहे हो. मागच्या महिन्यात ते मतदारयादीच्या कामाला आणि मी चारही वर्गांत एकटी. त्या दिवशी टीव्ही लावला, खोटं कशाला बोलू.

जतकर

आमच्या जत पूर्व भागात, उमदी-संखकडे, घरची भाषा कन्नड. जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, तरी बरेच पालक मुलांना मराठी शाळेत घालतात. पहिलीचं पोर येतं ते "बन्नी, कुंद्री" समजणारं. 'या, बसा' म्हटलं की तोंडाकडे बघत राहतं.

प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, २०१५ पासूनचं. फुकट आणि खुल्या परवान्याचं, छापूनसुद्धा घेता येतं. त्यात एकच गोष्ट कन्नडमध्येही मिळते, मराठीतही. चित्रं तीच. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून एका आज्जीला बोलावून कन्नड गोष्ट तिच्या आवाजात टॅबवर रेकॉर्ड केली. (वाचून तिनंही नाही दाखवलं, नातवानं वाचलं आणि तिनं आपल्या पद्धतीनं सांगितलं. गोष्टीतला हत्ती शेवटी म्हैस झाला, चालायचंच.) पोरं आधी ती ऐकतात, मग तीच चित्रं पुढे ठेवून मी मराठीत सांगतो. पोराला गोष्ट आधीच माहीत असते, त्यामुळे कान फक्त भाषेवर राहतो.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या डिसले गुरुजींचंही असंच होतं. त्यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, ते सगळ्यांना क्यूआर कोडमुळे आठवतं. पण मुलांची भाषा कन्नड म्हणून ते आधी स्वतः कन्नड शिकले, पुस्तकाचा मजकूर त्या भाषेत नेला आणि मग कोड चिकटवले. लोक कोड तेवढे उचलतात.

वाईकर_वहिनी

मी शिक्षिका नाही, पालक आहे. वेगळं बोलते, राग मानू नका. करोनापासून आमच्या घरात मोबाइल शिरला तो अजून बाहेर निघालेला नाही. मुलगा दुसरीत आहे. जेवताना हवा, झोपताना हवा. आता शाळेतही टॅब म्हटल्यावर आम्ही घरी 'नको' कोणत्या तोंडानं म्हणायचं? तुमच्याच कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे ना? २०२२ पासून तिथे संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि गावभर दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला. एका तालुक्यात एक गाव बंद करतंय आणि दुसरं लावतंय.

रिटायर्ड_गुरुजी

वहिनींशी पूर्ण सहमत.

सातारा जिल्ह्यात कुमठे बीटानं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटानं, ज्ञानरचनावाद (पोरांनी स्वतः करून शिकायचं) करून दाखवला तेव्हा राज्यभरातून शिक्षक ते बघायला येत होते. तिथे काय होतं? फरशीवर रंगवलेले तक्ते, खडे, बिया, काड्या, पोरांच्या हातातले शब्दपट्टे. बॅटरी कशालाच नव्हती. जमिनीवरच्या आकृतीभोवती सहा पोरं बसतात, भांडतात, एकमेकांना शिकवतात. टॅबमध्ये एकच पोर डोकं खुपसून बसतं. आम्ही पस्तीस वर्षं मंद, हुशार, तोतरी, दांडगी सगळी पोरं एका खडूवर शिकवली.

जाड_भिंग

गुरुजी, नमस्कार करून सांगतो, त्या खडूवर सगळी शिकली नाहीत. मी शिकलो नव्हतो.

साताऱ्यात बँकेत आहे. लहानपणापासून नजर कमी. फळ्यावर काय लिहिलंय ते मला चौथीपर्यंत शेजारच्या मित्राच्या वहीतून कळायचं, आणि त्याच्या चुका माझ्या वहीत जशाच्या तशा. गुरुजी 'नक्कल करतो' म्हणून मारायचे. मित्र दुसऱ्या शाळेत गेला त्या वर्षी मी गणितात नापास. आज नोकरी करतो ती मोबाइलच्या टॉकबॅकवर (पडद्यावरचं बोलून दाखवतो तो) आणि स्क्रीन मोठी करून.

ताई, तुमच्या दुसरीतल्या मुलासाठी नीट लिहितो.

आधी जागा. अल्बिनिझम असलेल्याला प्रकाश टोचतो. त्याला खिडकीकडे पाठ करून बसवा. फळा चकाकत असेल तर काळा रंग मारून घ्या. वर्गातही टोपी घालू द्या, कुणी 'शिस्त' म्हणाला तर त्याला माझ्याकडे पाठवा. टॅबचा ब्राइटनेस कमी, काळ्यावर पांढरी किंवा पिवळी अक्षरं. हे सगळ्या कमी नजरवाल्यांना लागू नाही. काहींना उलट भरपूर उजेड लागतो, म्हणून त्यालाच दोन्ही दाखवून विचारा. सात वर्षांचं पोर बरोबर सांगतं.

मग टॅब. सेटिंगमध्ये मॅग्निफिकेशन चालू केलं की तीनदा टिचकी मारून पडदा मोठा होतो. पण त्याहून सोपं म्हणजे नुसता कॅमेरा. फळ्याकडे धरायचा, झूम करायचा, फोटो काढायचा, मग तो फोटो डोळ्याशी नेऊन वाचायचा. मला चौथीत हे मिळालं असतं तर, असो. टॅब हातात धरून मान मोडते, म्हणून तिरकं लाकडी स्टँड करून घ्या, गावातला सुतार तासाभरात करेल.

सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून मोठ्या अक्षरांची पाठ्यपुस्तकं मिळतात. गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांकडे त्याची मागणी नोंदवा.

तो पोरगा टॅबमध्ये डोकं खुपसून बसलेला दिसेल खरा. पण तो फळाच बघत असेल, गुरुजी.

माणदेशी_मास्तर

जाड_भिंग, +१००.

रिटायर्ड_गुरुजी

श्री. जाड_भिंग, आपलं लिहिणं वाचलं. डोळ्यांना मदत म्हणून यंत्र असेल तर माझा विरोध नाही. चष्मा हेही यंत्रच. माझा विरोध सगळ्या वर्गाला पडद्यासमोर बसवण्याला आहे आणि तो कायम आहे.

वाईकर_वहिनी

माझंही तेच म्हणणं होतं, मला नीट मांडता आलं नाही एवढंच.

पाटणचा_पाऊस

मी विशेष शिक्षक, पाटण तालुक्यात शाळाशाळा फिरतो. नजरेचं वर आलंच, कानांचं राहिलं. ताईंच्या यादीत तसं मूल नाही. पण पहिलीतलं एखादं 'लक्ष देत नाही' म्हणून मागे बसलेलं असेल तर एकदा तपासा.

लोक उत्साहानं लाइव्ह ट्रान्स्क्राइब दाखवतात. आपण बोलायचं, मोबाइलवर अक्षरं उमटतात. चौथीच्या वाचणाऱ्या मुलाला चांगलं आहे. पहिलीतल्या मुलाला अजून वाचताच येत नाही, त्याला अक्षरं उमटवून काय देणार? हे सांगूनही दर शिबिरात कुणीतरी तेच दाखवतं.

कानाला मशीन लावलेल्या मुलाला मुख्य अडचण अंतराची आणि गोंगाटाची. शिक्षक हातभर अंतरावर असला तर ऐकू येतं, फळ्यापाशी गेला की शब्द विरतो. आमच्याकडे त्यात पत्र्याची शाळा. जुलैमध्ये पत्र्यावर पाऊस पडायला लागला की चांगल्या कानाच्या पोरालाही काही कळत नाही. एका शाळेत आम्ही साधा कॉलर माइक आणि छोटा स्पीकर लावला. बाईंनी माइक पदराला लावायचा, स्पीकर त्या मुलीच्या बाकाजवळ. केलं तिच्यासाठी, पण मागच्या रांगेतल्या मुलांची श्रुतलेखनाची वही सुधारली. बाईंचा घसाही बसेनासा झाला.

आणखी एक, ज्याला तंत्रज्ञान म्हणायला लोक तयार नसतात: मशीनचा सेल. झिंक-एअर सेल असतो, त्यावर रंगीत चिकटपट्टी असते. ती काढली की आत हवा जाते आणि सेल सुरू होतो, मग मशीन बंद ठेवलं तरी तो उतरतच राहतो. एका घरी आजीनं पाकिटातल्या सगळ्या सेलच्या पट्ट्या 'स्वच्छ' करून ठेवल्या होत्या. महिना-महिना पोर बंद मशीन कानाला लावून शाळेत येतं आणि कुणाला पत्ता नसतो. रोज सकाळी हजेरीच्या वेळी तोंड झाकून त्याचं नाव घ्यायचं. ओ आली तर मशीन चालू. दोन सेल शिक्षकाच्या खणात, आणि पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत.

खिचडीप्रमुख

तोंड झाकून हजेरी ही युक्ती मुख्याध्यापकांवर करून बघतो.

मिरजवाली

माझा मुलगा स्वमग्न आहे, आता तिसरीत. त्याला टॅबचा उपयोग झाला आणि त्रासही. त्रास आधी सांगते: शांत बसावा म्हणून शाळेत त्याच्या हातात टॅब द्यायला लागले. तो शांत बसायचा हे खरं. पण काढून घेताना जो गोंधळ व्हायचा त्यात सगळा वर्ग बंद. आणि टॅबवर तो काय करायचा? एकाच गाण्याची पहिली चार सेकंदं परत परत. ते काही शिकणं नाही.

पुढे एका थेरपिस्टताईंनी सांगितलं तसं बाईंनी केलं. शाळेतलेच फोटो काढले: प्रार्थनेची जागा, त्याचा बाक, हात धुवायचा नळ, खिचडीचं ताट, रिक्षा. ते ओळीनं लावले, झालं की एक एक उलटा करायचा. चित्रं बाजारात मिळतात, पण त्यातला नळ त्याच्या नळासारखा नसतो. पडद्यावर पुढे काय आहे ते दिसत राहत नाही, म्हणून आम्ही छापून घेतले. टॅब आता रोज मधल्या सुट्टीनंतर, वाळूच्या घड्याळाचं चित्र लावून. घड्याळ संपलं की तो स्वतः नेऊन ठेवतो. रोज नाही, पण बऱ्याचदा.

बाकीच्या मुलांचं विचारलंत ना? फोटो उलटे करायला भांडणं लागायची. शेवटी बाईंनी सगळ्या वर्गासाठीच एक पट्टी लावली.

अभ्यासूकिडा

कॉलर माइक आणि ही फोटोंची पट्टी, दोन्ही एका मुलासाठी केलं आणि वर्गाला लागू पडलं. मी वर जे लिहिलं ते हेच होतं, फक्त कुणी ऐकलं नाही.

खिचडीप्रमुख

कॉलर माइक लावून सांगायचं होतंत.

येरळाकाठ

किती भरभरून लिहिलंत! जाड_भिंग दादा, फळ्याचा फोटो लगेच करून बघितला. पोरानं आधी फळ्याचा काढला, मग माझा. झूम करून म्हणाला, "बाई, तुमच्या नाकावर तीळ हाय." जून-जुलैपासून मी त्याच्यासमोर आहे!

माणदेशी सर, डोळे-कान तपासणीसाठी मुलीच्या आईशी बोलले. अध्ययन अक्षमतेचा दाखला काढायचा का?

पाटणचा_पाऊस

ताई, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. शाळेतली प्राथमिक चाळणी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी करायची असते, म्हणजे तुमची मुलगी अगदी त्या टप्प्यावर आहे. शिक्का मारायची घाई नको, पण तुमच्या केंद्राच्या विशेष शिक्षकांना बोलावून घ्या. दाखला मिळेपर्यंत थांबू मात्र नका. धडा आधी ऐकवा, मग वाचायला द्या. पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड दीक्षा या सरकारी अ‍ॅपवर उघडतो, तिथे धड्याशी जोडलेलं ऐकण्या-बघण्याजोगं काही सापडलं तर घ्या. नाहीतर तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करा, आणि परिसर अभ्यासाची परीक्षा तोंडी घ्या. तिला वाचता येत नाही म्हणून पाणी कुठून येतं हे कळत नाही असं थोडंच आहे.

कोपीवरचा

नेहमी वाचनमात्र असतो, आज लिहितो. आईबाप बीड जिल्ह्यातून कराड-वाळव्याकडे ऊसतोडीला यायचे, त्यांच्याबरोबर मीही यायचो. आता स्वतः प्राथमिक शिक्षक आहे.

आमच्यासारख्या पोरांचं काय होतं, तर गावची शाळा दिवाळीनंतर सुटते आणि इकडच्या शाळेत पोचतो तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. इकडे थोडं जमायला लागतं तोवर पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, आणि परत. शिक्षण हमी कार्ड असतं, त्यावर किती शिकला हे लिहायचं असतं. प्रत्यक्षात कार्ड कोपीच्या छपरात खोचलेलं. म्हणून पहिल्या दिवशी टॅब देऊ नका, आधी त्याच्या गावच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावा. पोराला दोन्ही गुरुजी एकमेकांशी बोलताना दिसले पाहिजेत. बघा पोर कसं फुलतं. शिवाय त्याला काय येतं हे पाच मिनिटांत कळतं, चाचणीत वाया जाणारा आठवडा वाचतो.

दुसरी गोष्ट मी दरवर्षी करतो. टॅबवर मराठी व्हॉइस टायपिंग चालू करायचं आणि पोराला म्हणायचं, सांग काल काय केलं. मागच्या हंगामातला एक मजकूर माझ्याकडे अजून आहे: "रात्री दोन वाजता गाडी आली. आई उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढली. मी बाळाला धरलं. बाळ उठलं नाही." पोर बोललं आणि समोर अक्षरं उमटली. चुकलेलं मी नीट केलं, मोठ्या अक्षरात छापलं आणि दुसऱ्या दिवशी तेच त्याच्या हातात दिलं. वाचता न येणारं पोर ते बोट ठेवून वाचतं, कारण पुढचा शब्द काय आहे हे त्याला ठाऊक असतं. अशी आठ-दहा पानं झाली की त्याचं स्वतःचं पुस्तक होतं, ते तो गावी नेतो. 'सहल' नावाच्या धड्यावर डोकं फोडून घेण्यापेक्षा हे बरं.

रिटायर्ड_गुरुजी

हे उत्तम. पण 'चुकलेलं नीट केलं' म्हणजे काय? पोराची बोली तुम्ही प्रमाण मराठीत बदलली का?

कोपीवरचा

नाही गुरुजी. यंत्रानं भलतंच ऐकलेलं तेवढं बदलतो. 'मोळी'चं 'पोळी' करतं ते. 'म्हंजी' असेल तर 'म्हंजी'च ठेवतो. पुस्तकी रूप नंतर पुस्तकातून येतंच.

माणदेशी_मास्तर

यावर वेगळा धागा काढा, नाहीतर इथेच दोनशे प्रतिसाद पडतील. माझं मत थोडं वेगळं आहे, पण आत्ता नको.

खिचडीप्रमुख

अवांतर: हे सगळं चार्ज कुठे करता? आमच्या शाळेची लाइट थकबाकीत तोडली होती. टॅब सरपंचांच्या घरी चार्जिंगला जायचे आणि परत येताना त्यात लग्नाचे व्हिडिओ असायचे.

जतकर

जतला ऊन फुकट आहे. लोकवर्गणीतून सोलर बसवलं. अ‍ॅप पिन करायची सोय सेटिंगमध्ये असते, एकच अ‍ॅप उघडं राहतं आणि पासवर्डशिवाय बाहेर पडता येत नाही. लग्नाचे व्हिडिओही थांबतात.

विटा_ते_कोइमतूर

उशिरा आलो. आम्ही खानापूर तालुक्यातले, आजोबांपासून गलाई. माझं चौथीपर्यंतचं शिक्षण तमिळमध्ये, मग आजीजवळ गावी. ताईंच्या त्या भाऊ-बहिणीबद्दल कुणीच काही बोललं नाही म्हणून लिहितो.

ती पोरं कच्ची नाहीत. वाचन म्हणजे काय हे त्यांना येतं, फक्त लिपी नवी आहे. त्यांना पहिलीच्या पोरांबरोबर 'अ अननसाचा' करायला बसवू नका, फार अपमान वाटतो. मला वाटला होता.

त्यांच्या वहीत एक विशिष्ट चूक शोधा. तमिळ लिपीत क आणि ग ला एकच अक्षर. ट-ड, त-द, प-ब यांचंही तेच, आणि ख-घ-भ-ध ही तर नाहीतच. शब्दात जागा कुठली त्यावरून उच्चार ठरतो. त्यामुळे बोलताना पोर 'दगड' बरोबर म्हणेल आणि लिहिताना 'तकट' लिहील. शुद्धलेखनाच्या शिक्षेनं हे जात नाही. टॅबचा उपयोग इथे करा: 'गाडी-काडी', 'बाग-पाक', 'दार-तार' अशा जोड्या त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा, चित्राला चित्र लावायला द्या. कानाला फरक ठाऊकच आहे, तो हाताला कळायला हवा.

आणि चौथीतल्या त्या "बाई, आता काय करू" दोघांना या दोघांच्या जोडीला द्या. त्यांनी रेकॉर्डिंग करायचं, जोड्या शोधायच्या, चित्रं काढायची. बदल्यात तमिळमधले आकडे शिकायचे. ओण्णु, रेंडु, मूणु. आठवडाभर टेबलाकडे फिरकणार नाहीत.

येरळाकाठ

विटेकर दादा, वही काढून बघितली. 'भाकरी'चं 'पाकरी', 'बैलगाडी'चं 'पैलकाडी'. पानभर तेच! गुरुजींनाही दाखवली. ते स्वतः म्हणाले, जोड्या मी काढतो. काल टीव्ही बंद करून चौथीच्या दोघांना घेऊन बसले होते आणि 'डबा-टपा' चालेल का यावर तिघांचा वाद चालू होता.

फळा रंगवायला घेतलाय. सुताराला स्टँडचं माप दिलं. विशेष शिक्षक पुढच्या आठवड्यात येतायत. कोपीवाले सर, आमच्याकडे तळ पडलाय, तीन पोरं आली. एकाच्या गावचे गुरुजी फोनवर सापडले, बाकी दोघांचे शोधतेय.

पाटणचे सर, तो कॉलर माइक कसला घ्यायचा? आमच्याकडे पत्रा नाही, पण शेजारी पिठाची गिरणी आहे.

पाटणचा_पाऊस

बिनतारी घ्या, पण ब्लूटूथ नको, आवाज मागे पडतो आणि ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे असं होतं. स्वतःचा छोटा रिसीव्हर असलेला बघा. दुकानातच गिरणीएवढा गोंगाट करून तपासा. आणि पावती शाळेच्या नावानं घ्या, स्टॉक रजिस्टरला नोंद करा. नाहीतर ऑडिटवाला विचारतो, बाई, हा माइक कीर्तनासाठी का?